एकच पूर, दोन मुलं : बालपणीचे घाव आणि संकटातलं मन



या आठवड्याचा अभ्यासपाठ थोडा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तर दोनदा वाचा, पण घरात बारा ते पंचवीस वयाचं कुणी असेल तर सोडू नका. पाठाच्या शेवटी स्वाध्याय दिला आहे.

*एका काकूंचा प्रश्न*

आमच्या बेळगावच्या विणकर वस्तीतलं एक घर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि घरच्यांना विचारूनच लिहितो आहे. त्या घरात दोन चुलत भाऊ, वयात जेमतेम वर्षाचं अंतर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरलं, मागाच्या मोटारी भिजल्या, सूत वाया गेलं. कसंबसं सावरतात तोवर २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन. माग बंद, शाळा बंद, घरात सात माणसं आणि एक मोबाईल.

थोरला आठ-दहा दिवस घाबरला, रडला, मग वडिलांच्या हाताखाली मोटारी उघडून पुसायला लागला. धाकट्याचं मात्र पुरापासूनच बिनसलं. रात्री झोप नाही, पाऊस सुरू झाला की छातीत धडधड. लॉकडाऊनमध्ये तर एकदा मोबाईलच भिंतीवर आपटला, आणि त्यानंतर एकदम गप्प. जेवायला बोलावलं तरी ओ नाही.

काकू गुरुवारच्या बैठकीनंतर मला म्हणाल्या, "दोघांना एकाच पातेल्यातलं वाढलं हो मी. पूर एकच, घर एकच. मग ह्याचंच असं का झालं?"

मी काय उत्तर दिलं, ते सांगायला आज लाज वाटते. म्हटलं, "मन कच्चं आहे त्याचं. जप वाढवायला सांगा, होईल ठीक." दोन महिन्यांनी तो थोरल्याला म्हणाला, "मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल." तेव्हा माझे डोळे उघडले. काकूंच्या प्रश्नाचं जे उत्तर मी त्या दिवशी द्यायला हवं होतं, ते आज पाठ म्हणून देतो आहे.

*एक गोष्ट आम्ही विसरलो होतो*

पूर दोघांना एकच होता, बालपण मात्र एक नव्हतं. धाकटा चार वर्षांचा असताना आई गेली. वडील दारूच्या आहारी गेले. मारहाण रोजची. मग काही महिने आजोळी, काही महिने आत्याकडे, असं करत दहाव्या वर्षी तो काका-काकूंकडे आला. काकूंनी पोटच्या पोरासारखं केलं, यात शंका नाही. पण पहिली दहा वर्षं त्याच्या अंगात मुरलेलीच होती. आम्ही म्हणत होतो, "आता सुखात आहे, विसरला असेल." त्याला प्रसंग आठवत नसतीलही, पण शरीर विसरलेलं नव्हतं.

*अभ्यास काय सांगतो?*

१९८५ च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करण्याचं केंद्र चालवत होते. त्यांच्या लक्षात आलं की वजन चांगलं उतरत असलेले लोकच मधूनच उपचार सोडून जातात. कारण शोधताना अनेकांच्या बालपणी अत्याचार झाल्याचं पुढे आलं. मग डॉ. रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर त्यांनी मोठी पाहणी केली. १९९५ ते १९९७ या काळात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं : मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, आईला होणारी मारहाण, घरात दारू, घरात मानसिक आजार, आईवडिलांची ताटातूट, घरातलं कुणी तुरुंगात.

ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती बरं का. बहुतेक शिकलेली, नोकरीतली, मध्यमवर्गीय. तरीही जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी किमान एक अनुभव सांगितला, आणि साधारण आठांतल्या एकाने चार किंवा जास्त. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण, एकही अनुभव नसलेल्यांच्या कित्येक पट होतं. म्हणजे 'चांगल्या घरात असं काही नसतं' हा समज पहिल्याच फटक्यात गेला.

आता संकटाकडे येऊ. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. श्रीलंकेच्या ईशान्य भागात तमिळ मुलं आधीच वर्षानुवर्षं युद्ध पाहत होती. त्सुनामीनंतर तिथल्या ९ ते १५ वयाच्या २९६ शाळकरी मुलांशी संशोधक बोलले. लाटेबद्दल विचारलं, तसंच युद्धाबद्दल आणि घरातल्या मारहाणीबद्दलही विचारलं. जे दिसलं ते हिशेबासारखं होतं : जितक्या प्रकारचे आघात जास्त, तितका मनाचा त्रास जास्त. आणखी एक गोष्ट दिसली. जिथे वडिलांचं पिणं जास्त आणि जिथे युद्धाची झळ जास्त, तिथे मुलांना घरात जास्त मार बसत होता. म्हणजे बाहेरचं संकट दारातून आत येतं आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या अंगावर पडतं.

न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सहा महिन्यांनी आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांची पाहणी झाली. तिथेही ज्यांच्या आयुष्यात आधी काही आघात झाला होता, त्यांना त्रास अधिक होता. देश वेगळा, धर्म वेगळा, संकट वेगळं, पण गोष्ट तीच. नवा घाव जुन्या घावावर बसला की दुखणं नुसतं वाढत नाही, ते जुनंही उघडतं.

*शरीरात नेमकं काय होतं?*

आपल्यापैकी अनेकजण मागावर काम करतात, त्यांना लगेच कळेल. ताण्यातला एखादा धागा सुरुवातीलाच घासला गेला असेल, तरी माग सावकाश चालतो तोवर कापड नीट निघतं. वेग वाढला, ताण वाढला, की तोच धागा आधी तुटतो. बघणारा म्हणतो, "आत्ता तुटला." विणकराला ठाऊक असतं, तो आधीच झिजला होता.

माणसाच्या शरीरात धोक्याची एक घंटा असते. धोका दिसला की मेंदू मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडतो, कॉर्टिसोल आणि इतर द्रव्यं रक्तात येतात, हृदय जोरात चालतं, अंग पळायला किंवा लढायला तयार होतं. धोका टळला की घंटा थांबते. पण लहान मुलाला ही घंटा एकट्याने थांबवता येत नाही. आई उचलून घेते, आजी पाठीवरून हात फिरवते, तेव्हा ती थांबते. असं शेकडो वेळा झालं की मूल स्वतःची घंटा स्वतः थांबवायला शिकतं.

ज्या घरात घंटा रोज वाजते आणि उचलून घेणारं कुणी नसतं, तिथे दोन गोष्टी होऊ शकतात. काहींची घंटा इतकी हलकी होते की भांडं पडलं तरी वाजते. काहींची उलट बोथट होते. मोठं संकट आलं तरी चेहऱ्यावर काही नाही. पहिल्याला आपण 'तापट' म्हणतो, दुसऱ्याला 'दगड'. दोन्ही नावं चुकीची आहेत. आमच्या पोराच्या बाबतीत तर दोन्ही झालं, आधी भडकला, मग गप्प झाला. आम्ही मात्र गप्प झाल्यावर म्हटलं, "चला, शांत झाला." ती शांती नव्हती.

त्यात वय तरुण. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, भीती आणि राग मात्र त्याआधीच जोरात असतात. म्हणून संकटाचा फटका या वयाला जास्त बसतो. पण याच कारणाने हे वय बदलायलाही सोपं असतं, हे लक्षात ठेवा.

*मग नशीबच म्हणायचं का?*

नाही. हा पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

रुमानियात हुकूमशाहीच्या काळात हजारो मुलं अनाथालयांत टाकली गेली होती. पाळण्यात दिवसच्या दिवस, बोलणारं कुणी नाही. २००० पासून बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली. घर मिळालेल्या मुलांचं माणसांशी नातं जुळलं, मेंदूचं कामही सुधारत गेलं. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना फायदा सर्वाधिक झाला. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांची ताणाची घंटा तपासली, तेव्हा अनाथालयात राहिलेल्यांची बोथट निघाली, आणि लवकर घर मिळालेल्यांची साधारण इतर मुलांसारखी.

दुसरा अभ्यास हवाई बेटांतल्या कवाई बेटाचा. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यांतल्या सुमारे दोनशे मुलांचं बालपण फारच कठीण होतं : गरिबी, भांडणं, व्यसन, आजार. त्यांतली बरीच मुलं पुढे अडखळली. पण साधारण तिसरा हिस्सा चांगला उभा राहिला. कामात नीट, माणसांशी नीट. त्यांच्यात काय वेगळं होतं? जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज एक तरी मोठं माणूस होतं. आजी, मावशी, शिक्षक, शेजारी, प्रार्थनास्थळातलं कुणी. त्याने पोराला धरून ठेवलं होतं. शिवाय या मुलांना घरात काहीतरी खरी जबाबदारी होती, आपण कुणाला तरी उपयोगी आहोत हे त्यांना माहीत होतं. आणि किशोरवयात बिघडलेल्यांपैकीही अनेकजण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. कुणी शिक्षण पुन्हा सुरू करून, कुणाला चांगला जोडीदार मिळाला म्हणून, कुणी श्रद्धेच्या समूहात सामील होऊन.

म्हणून सांगतो, बालपणीच्या आघातांची यादी म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. हजार माणसांत धोका किती वाढतो ते ती सांगते, समोर बसलेल्या एका पोराचं काय होणार ते सांगत नाही. यादी वाचून कुणाला 'हा असलाच' असा शिक्का मारू नका.

*"आम्हीही सोसलं, आम्हाला काय झालं?"*

हा प्रश्न हमखास येतो, आणि आमच्या पिढीकडूनच येतो. त्याला तीन उत्तरं आहेत.

एक, सोसण्यासोसण्यात फरक आहे. परीक्षेची भीती, शेतातलं कष्टाचं काम, एक वेळ कमी जेवण, आणि पाठीशी माणूस, हा ताण मुलाला घडवतो. रोजची मारहाण आणि पाठीशी कुणीच नाही, हा ताण झिजवतो. फरक दुःखाच्या आकारात जितका आहे, त्याहून जास्त सोबतीत आहे.

दोन, आठवून बघा. तुम्ही सोसलं तेव्हा कुणीतरी होतं ना? वाड्यातली काकी, एखादे मास्तर, देवळाच्या पायरीवरचे आजोबा? आता दार लावलेल्या दोन खोल्यांत वाढणाऱ्या पोराला ते कुठून मिळणार?

तीन, "आम्हाला काहीच झालं नाही" हे खरंच आहे का? हे ज्याचं त्याने रात्री स्वतःला विचारावं. मी विचारलं. उत्तर सोपं आलं नाही.

*घरात आणि केंद्रात काय करायचं?*

पूर असो, घरातला मृत्यू असो, कर्ज असो, नापास होणं असो. संकटात तीन शब्द लक्षात ठेवा : *बघा, ऐका, जोडा.* जागतिक आरोग्य संघटनेने संकटातल्या प्रथमोपचारासाठी सांगितलेली हीच तत्त्वं आहेत.

*बघा.* संकटानंतरचे पहिले काही दिवस भीती, रडू, झोपमोड हे सर्वांनाच होतं, तो आजार नव्हे. पण दोन-तीन आठवड्यांनीही झोप-जेवण रुळावर नसेल, आवडती गोष्ट सुटली असेल, मित्र तोडले असतील, स्वतःला इजा करत असेल, नशा सुरू झाली असेल, तर थांबू नका. आधी घाव असलेल्या मुलांकडे पहिल्या दिवसापासूनच जास्त लक्ष ठेवा. आणि दंगा करणाऱ्याबरोबर गप्प बसणाऱ्याकडेही बघा.

*ऐका.* जवळ बसा. "काय झालं सांग, सांगितलंच पाहिजे" असा आग्रह नको. बळेच उकरून काढल्याने त्रास वाढू शकतो. तो बोलेल तेव्हा उपदेश मध्ये घालू नका. मरणाचे शब्द आले तर मात्र सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, ही भीती चुकीची आहे. उलट कुणीतरी ओळखलं म्हणून पोराला हलकं वाटतं. अशा वेळी त्याला एकटं सोडू नका, औषधं, कीटकनाशकं, दोर हाताशी ठेवू नका.

*जोडा.* माणसांशी, दिनक्रमाशी, आणि गरज असेल तर डॉक्टरांशी. उठण्या-झोपण्याची, जेवणाची वेळ ठरलेली ठेवा. ठरलेली वेळ म्हणजे घंटेला मिळालेला निरोप असतो, 'आता धोका नाही'. त्याला एक खरं काम द्या, नुसतं दाखवायचं नको.

मारणं, टोमणा मारणं आणि "अमक्याचा मुलगा बघ" ही तुलना आजपासून बंद. घाबरलेल्या घंटेवर काठी मारून ती थांबत नाही.

आणि जप? जप करावा, मन थाऱ्यावर यायला आधार मिळतो. पण ताप आला की आपण जपही करतो आणि गोळीही घेतो, तसंच हे. डॉक्टरकडे नेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नव्हे. मी त्या दिवशी नामाची ढाल करून पोराचं दुःख ऐकायचं टाळलं. चूक नामाची नव्हती, माझी होती.

*मदत कुठे मिळेल?*

• टेलि-मानस, क्रमांक *१४४१६*. चोवीस तास, मोफत, अनेक भारतीय भाषांत. २०२२ पासून सरकार चालवतं.
• अठरा वर्षांखालील मुलांसाठी *१०९८*.
• बेळगाव भागासाठी धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, गोव्यात बांबोळीचं मनोरुग्णालय, इंदूरला बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, बडोद्याला कारेलीबाग, हैदराबादला एर्रागड्डा इथली सरकारी रुग्णालयं. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागातही विचारा.
• "पोलीस केस होईल" या भीतीने कुणी थांबू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालायचं आहे, आणि तिला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

*त्या पोराचं पुढे*

तुम्ही विचारणार म्हणून सांगतो. चमत्कार झाला नाही. थोरल्याने ते वाक्य लपवलं नाही, त्याच रात्री काकूंना सांगितलं, हे पहिलं बरं झालं. काका त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेले. औषध बरेच महिने चाललं, बोलणं अजून अधूनमधून चालू आहे. शाळेचं एक वर्ष गेलं. पावसाळ्यात आजही तो अस्वस्थ होतो. तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हाक मारतात, "बाळा, जरा कोथिंबीर निवडून दे रे," आणि तो येऊन शेजारी बसतो. एवढंच. पण चार वर्षांचा असताना जे मिळायला हवं होतं, तेच आता मिळतंय.

बैठकीत माईक आणि वायरींचं काम त्याच्याकडे आहे. गेल्या गुरुवारी आवाज खरखरला, तेव्हा मीच त्याला म्हटलं, "अरे, बघ की जरा." तो म्हणाला, "थांबा काका, वायर झिजलीय, बदलून देतो. मशीन चांगलं आहे."

*या आठवड्याचा स्वाध्याय*

१. माझ्या लहानपणी मला धरून ठेवणारं ते एक माणूस कोण होतं? हयात असेल तर या आठवड्यात फोन करा.
२. माझ्या ओळखीतलं असं एक मूल कोण, की ज्याला असं माणूस नाही? नाव मनातच ठेवा, गटावर टाकू नका.
३. त्या मुलासाठी आठवड्यातून एक ठरलेली वेळ काढता येईल का? अर्धा तास पुरे, पण चुकवायचा नाही.
४. प्रत्येक केंद्राने १४४१६ हा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा.

प्रश्न असतील ते आपापल्या केंद्रप्रमुखांकडे द्या. कुणाच्या घरची गोष्ट गटावर लिहू नका, आणि दुसऱ्याने लिहिली तर पुढे पाठवू नका.

पुढच्या गुरुवारी भेटू. आपापल्या घरातल्या लेकरांना सांभाळा. 🙏